शुक्रवारचा प्रोसेसर

माझ्याकडे तीन वह्या असतात. घराची एक, ऑफिसची एक आणि या दोन्हींत जे लिहायचं राहून गेलं त्याची तिसरी. नवरा तिसरीला हसतो, पण गाडीचा विमा कधी संपतो हे विचारायला तिच्याकडेच येतो. सांगायचं एवढंच, की पुढचं सगळं मी आठवून लिहीत नाही, बघून लिहिते आहे. माझी चूकही त्यात आहे. माझ्याच अक्षरात, शेजारी बरोबरची खूण करून.

आमचं ऑफिस बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली पिठाची गिरणी. तारापूरच्या रसायन कारखान्यांत मोठमोठ्या टाक्या दाबाखाली चालतात. त्यांची ड्रॉइंग आम्ही काढतो. टाकीला नळी जोडली की त्या जोडावर किती ताण येईल आणि पत्रा तो सोसेल का, याचं गणित कॉम्प्युटरवर करावं लागतं. ते आमच्याकडे एकच जण करते. ती तिशीतली इंजिनीअर, राहायला उमरोळीला. मला ड्रॉइंग वाचता येतं, बिलं करता येतात, कारखान्याच्या मॅनेजरला फोनवर गप्प करता येतं. ते गणित येत नाही. ती गेली तर आमच्याकडे नुसती चित्रं उरतील.

हे गणित कॉम्प्युटरला सोडवायला दिलं की आम्ही त्याला रन लावणं म्हणतो. जुन्या मशीनवर एका रनला साडेपाच तास लागायचे. कारखान्यातून दुरुस्त्या यायच्या त्यांची सकाळची मीटिंग संपल्यावर. त्या भरून रन लावेपर्यंत दीड वाजायचा, म्हणजे निकाल सातला. रन सोडून घरी जाता येत नाही. तो मध्येच अडकतो, मग एखादा आकडा बदलून पुन्हा पुढे ढकलावा लागतो. आणि घरून लक्ष ठेवायची सोय नव्हती, कारण आपली ड्रॉइंग असलेलं मशीन इंटरनेटला जोडायचं नाही ही कारखान्यांची अट.

तिची मुलगी तीन वर्षांची. उमरोळीतलं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. नवरा कारखान्यात पाळीवर, त्यामुळे त्याची संध्याकाळ कधी मोकळी असते, कधी नसते. सहा महिने तिने शेजारीण, सासू आणि शेजारणीची सासू अशा तिघींच्या जिवावर काढले. मग पाळणाघराच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की दिवाळीनंतर उशीर चालणार नाही, त्यांनाही घर आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती टाइप केलेला राजीनामा घेऊन माझ्यासमोर बसली.

"मॅडम, मला जायचं नाहीये," ती म्हणाली. "पण साडेपाचला निघता आलं नाही, तर मला थांबता येणार नाही."

रन किती वेळात झाला तर निघता येईल, असं मी विचारलं. तिने ते आधीच काढून ठेवलं होतं. पावणेचार तास. म्हणजे सव्वापाचला रन संपला, पंधरा मिनिटांत निकाल तपासला, पाठवला, निघाली.

मी तो कागद तिच्याकडे परत सरकवला आणि ऑफिसच्या वहीत नवं पान उघडून वर लिहिलं: पावणेचार तास.

मशीन एकच घेता येणार होतं, तेही सगळ्यात वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचं. असे प्रोसेसर दोन आहेत. म्हणजे जगात जास्त असतील. माझ्या माहितीत दोन, कारण त्यांची बाजू घेऊन भांडणारी माझ्या माहितीतली माणसं दोन.

पहिले माझे धाकटे दीर. ते पालघरला असतात आणि लग्नांचे व्हिडिओ करतात. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर लग्नाआधीची जोडपी एकमेकांकडे हळूहळू चालत येतात आणि वरून ड्रोन फिरतो, ते काम त्यांचं. दुसरा बोईसर स्टेशनजवळचा कॉम्प्युटरवाला. आमचा प्रत्येक प्रिंटर त्याच्याकडून आलेला आहे आणि दुरुस्तीला त्याच्याकडेच गेलेला आहे. दीर ज्या कंपनीचा प्रोसेसर वापरतात तिचं नाव काढलं की कॉम्प्युटरवाला डोळे मिटून मान हलवायचा. उलट बाजूला दीर तर डोळेही मिटत नसत. आमच्या घरात निवडणुकीवरूनसुद्धा इतकं बोलणं झालेलं नाही.

दोघांनी मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. दिरांच्या व्हिडिओंत एक तरुण हातवारे करत एका आलेखाकडे बोट दाखवायचा, कॉम्प्युटरवाल्याच्या व्हिडिओंत दुसरा तरुण दुसऱ्या आलेखाकडे. एकात हा उंच, दुसऱ्यात तो. मी चार दिवस सगळे बघितले, टिपणं काढली, आणि मग लक्षात आलं की सगळ्यांनी मोजलंय ते गेम खेळून. आमच्या टाकीत कोणी कोणाला गोळ्या घालत नाही.

म्हणून ठरवलं की आपली फाइल, आपली खोली, आपलं घड्याळ. दीर स्वतःचं मशीन आणणार, कॉम्प्युटरवाला एका गिऱ्हाइकासाठी जोडलेलं पण अजून न दिलेलं मशीन एका दिवसासाठी देणार. एकदा सुरळीत पार पडलेली जुनी फाइल इंजिनीअरने निवडली, म्हणजे मध्ये अडकायची भीती नाही. रन कसा लावायचा तेही तिने मला नऊ पायऱ्यांत लिहून दिलं. दोघेही पक्षकार दुसरा काहीतरी लबाडी करेल अशी खात्री बाळगून होते, म्हणून मी नियम केला की रन चालू असताना गणिताच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे. दाराच्या काचेतून बघावं, आत कोणी जाऊ नये, मीसुद्धा नाही.

मग दोन्ही दिवस सारखं काय ठेवायचं त्याची यादी केली. फाइल तीच, टेबल तेच, यूपीएस तोच, एसी चोवीसवर, दार बंद. एकूण अकरा गोष्टी. मला त्या यादीचा अभिमान वाटला होता, हे मी नाकारत नाही.

दिरांना शनिवार-रविवार जोडप्यांचं शूटिंग असतं, म्हणून त्यांची पाळी शुक्रवारी. शुक्रवार ही वसाहतीची साप्ताहिक सुट्टी. आमच्याकडे रविवारी कारखाने, ऑफिस, पाळणाघर सगळं चालू असतं आणि शुक्रवारी गल्लीत कुत्रीही आरामात रस्त्याच्या मधोमध झोपतात. मी ऑफिस उघडून बसले. दिरांनी मशीन गाडीच्या मागच्या सीटवर दुलईत गुंडाळून, वरून पट्टा लावून आणलं होतं. त्याची एक बाजू काचेची आणि आत दर दोन सेकंदांनी रंग बदलणारे दिवे.

हे दिवे बंद होतात का, असं मी विचारलं.

"होतात," दीर म्हणाले, "पण वहिनी, मग ते मनापासून चालत नाही."

मी नऊ पायऱ्या केल्या, कुलूप लावलं, बाहेरच्या खोलीतलं कपाट आवरलं. दोन तास बावन्न मिनिटं. ते साडेपाच तासांचं काम होतं. दिरांनी काचेला नाक लावून आकड्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शनिवारी कॉम्प्युटरवाल्याचं मशीन आलं. काळं, साधं, दिवा एकच आणि तोही नाइलाजाने लावल्यासारखा. मुद्दाम दीड वाजताच रन लावला, म्हणजे रोजच्यासारखंच. सव्वापाच झाले. इंजिनीअर काचेसमोर पर्स खांद्याला लावून उभी होती. ती खांद्यावर का घेतली हे तिचं तिलाही कळलं नसावं. रन संपला पाच अठ्ठावीसला. तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. तेरा मिनिटांनी नापास.

कॉम्प्युटरवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि टेस्टमध्ये गडबड आहे असं म्हणाला. मी यादी काढली. फाइल तीच? हो. यूपीएस तोच? हो. एसी चोवीसवर? त्याने काचेतून एसीकडे बघितलं, वर हिरव्या आकड्यांत चोवीस होतं. हो. अकराच्या अकरा गोष्टींना तो हो म्हणाला, प्रत्येक हो आधीच्यापेक्षा बारीक, आणि मशीन उचलून जिना उतरला. मी अकराव्या ओळीपुढे खूण केली. दिरांचा प्रोसेसर असलेलं मशीन सोमवारी मागवायचं असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी सकाळी मी खाली दळण घेऊन गेले. गिरणीच्या मावशी मूळच्या दातिवऱ्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, आणि पीठ अंगावर घेऊन तीस वर्षं त्याच स्टुलावर बसलेल्या. वर कुठला समारंभ चाललाय, लोक डबे घेऊन वर-खाली का करतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दोन कॉम्प्युटर, एकच काम, एकाला तास जास्त लागला. मी जरा रंगवूनच सांगितलं असेल.

"कुठल्या वारी मोजलं?" त्यांनी विचारलं.

एक शुक्रवारी, एक शनिवारी.

मावशींनी माझ्या गव्हाचा डबा होता तिथेच ठेवला. "बाय, शुक्रवारी तर माजी गिरणीपन पळते. कारखाने बंद, सगळी वीज आपल्या गल्लीला. शनवारी बघ, पट्टा नुसता कण्हतो. तू दोनी वारचं दळण एका मापात घातलंस."

मी त्यांना समजावून सांगितलं की कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, त्याला बाहेरची वीज कमी आली तरी कळत नाही.

"आन एसी?" मावशी म्हणाल्या. "तोपन यूपीएसवर हाय?"

दळण तसंच टाकून मी वर आले. गणिताच्या खोलीत गेले, एसी चोवीसवर लावला, दार बंद करून वीस मिनिटं उभी राहिले. आकडा चोवीस. पंखा चालू. त्याखाली हात धरला तर नुसतं वारं, आणि तेही कोमट. व्होल्टेज कमी असलं की आमच्या जुन्या एसीचा कॉम्प्रेसर उचलतच नाही, फक्त हवा फिरवत बसतो. इंजिनीअरने सामानातून तापमापक काढून टेबलावर ठेवला. चौतीस. मी अकरा गोष्टींच्या यादीत एसीवरचा आकडा लिहिला होता, खोलीतली हवा लिहिली नव्हती. आणि दाराला कुलूप लावण्याचा नियम माझाच, नाहीतर कोणीही आत जाऊन कपाळाचा घाम पुसला असता.

तिने मला समजावलं की प्रोसेसर फार तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. उन्हात कवायत घेतली की मुलं करतात तसंच. खोलीत उकडतं असं ती मला वर्षभर सांगत होती. तिसऱ्या वहीत नोंद होती: एसी गार करत नाही म्हणते. त्यापुढे दोनदा लिहिलेलं: मेकॅनिक येऊन गेला, एसी उत्तम. दोन्हीदा मी त्याला शुक्रवारीच बोलावलं होतं, ऑफिसच्या कामात खोळंबा नको म्हणून.

दोन रेघांवर मी काट मारली आणि दोघांना फोन केले. कॉम्प्युटरवाला लगेच तयार झाला, त्याच्या आवाजात शनिवारचे सगळे हो परत घेतल्याचं समाधान होतं. दिरांचं म्हणणं पडलं की निकाल लागलेला आहे, घरच्या ग्रुपवरही जाहीर झालेला आहे. मी म्हटलं, मग ग्रुपवर असंही जाहीर करते की तुमचं मशीन फक्त सुट्टीच्या दिवशी चालतं. सोमवारी दुलई जिना चढली.

सोमवारी, भर कामाच्या दिवशी, बंद खोलीत, दिरांच्या मशीनला चार तास एकवीस मिनिटं लागली. आतले पंखे इतके ओरडत होते की खालून मावशींनी वर कोण काय दळतंय म्हणून विचारलं. आणि पुढच्या शुक्रवारी कॉम्प्युटरवाल्याचं काळं मशीन दोन तास सत्तावन्न मिनिटांत मोकळं झालं.

चार आकडे एका पानावर आले तेव्हा वाचायला सोपं झालं. गार खोलीत दिरांचा प्रोसेसर पाच मिनिटांनी पुढे. तापलेल्या खोलीत तेवीस मिनिटांनी मागे. तो वेगवान खराच, पण वेगाबरोबर तापतोही जास्त, आणि खोली साथ देईनाशी झाली की लवकर बसतो. दुसरा थोडा सावकाश, पण फार दमत नाही. व्हिडिओतले दोन्ही तरुण आपापल्या जागी खरं बोलत होते. त्यांच्या मागे एसी चालू होता, एवढंच.

पण पानाच्या वर पावणेचार तास लिहिलेलं होतं, आणि कामाच्या वारी दोघांपैकी एकही त्यात बसत नव्हता. आम्हाला आठवड्यात एकच शुक्रवार मिळतो आणि तो सुट्टीचा. इंजिनीअरने पान बघितलं आणि खणातून तो टाइप केलेला कागद काढून तारीख बदलायची का असं मला विचारलं. दिवाळीला बारा दिवस उरले होते.

मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत तो कागद खणातच राहू दे.

त्या संध्याकाळी वहीतला विषय बदलला. प्रोसेसर वर, खोली खाली, असं होतं, ते उलटं केलं. वायरमनला बोलावलं, यावेळी मुद्दाम भर दुपारी, कामाच्या दिवशी. त्याने मीटरपासून बघितलं आणि सांगितलं की आमच्या वरच्या मजल्याला येणारी वायर गिरणी सुरू व्हायच्या आधीची आहे, बारीक. एसीला मीटरपासून वेगळी जाड वायर ओढायची आणि मध्ये स्टॅबिलायझर बसवायचा. त्यासाठी घरमालकाची परवानगी हवी. मी गेली तीन वर्षं त्यांना वायरिंगबद्दल पत्रं देत होते, पोच घेऊन. मावशींनी घरमालकांच्या घरून दळण आलं तेव्हा डबा परत देता देता विषय काढला. काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी घरमालक स्वतः शिडी घेऊन आले.

बुधवारी वायर चालू झाली. खोलीत सव्वीस. काळ्या मशीनवर कामाच्या दिवसाचा रन लावला: तीन तास सहा मिनिटं.

मग गार खोलीत पाच मिनिटांनी पुढे असणारं मशीन का नाही, असा प्रश्न दिरांनी केला आणि तो बरोबर होता. माझं उत्तर असं, की स्टॅबिलायझर ही वस्तू आहे, एखाद्या दिवशी बंद पडेल. त्या दिवशी काळ्या मशीनवर तिला तेरा मिनिटं उशीर होईल, दिव्यांच्या मशीनवर छत्तीस. तेरा मिनिटांसाठी पाळणाघराच्या बाईंची समजूत काढता येईल. छत्तीसला नाही. मी कॉम्प्युटरवाल्याला मशीन सांगितलं.

दीर दोन दिवस फोनवर आले नाहीत. फराळाला मात्र आले, तीन चकल्या संपवल्या आणि मग म्हणाले, "वहिनी, एक लिहून घ्या. माझा प्रोसेसर हरला नाही. तुमचा एसी हरला."

मी लिहून घेतलं. खरंच होतं. त्यांनी ग्रुपवर तसं टाकलं आणि सासूबाईंनी पुन्हा हात जोडले.

दिवाळीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी कारखान्याने दुरुस्त्या उशिराच पाठवल्या. रन लागला एक चाळीसला. चार पन्नासला संपला. तिने निकाल तपासला, पेनड्राइव्हवर घेतला, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवला, आणि पाच वाजून आठ मिनिटांनी पर्स खांद्याला लावली. मी घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होते. कारखान्याच्या मॅनेजरचा सव्वापाचला फोन आला की मॅडम गेल्या का, एक शंका होती. मी म्हटलं, गेल्या, उद्या विचारा. इतका छोटा फोन आमच्यात आजवर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली ती हसू दाबतच. मी विचारलं, वेळेत पोचलीस ना. ती म्हणाली, वेळेआधी, सहाला दहा कमी असताना. दारात उभी राहिली तर आत मुलं गोल करून बसलेली आणि समोर उपम्याच्या ताटल्या. रोज हिची लेक शेवटी एकटी उरायची, त्यामुळे पाच-पन्नासला पाळणाघरात काय चालतं हे तिने कधी बघितलंच नव्हतं. लेकीने आईकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आणि आत्ता का आलीस म्हणून भोकाड पसरलं. उपमा, मग गाणं, मग घसरगुंडीवर नंबर, हे सगळं व्हायचं बाकी होतं.

म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. सव्वासहा वाजले तरी घसरगुंडीचा नंबर आला नव्हता. पाळणाघराच्या बाई बाहेर आल्या, शेजारी बसल्या, आणि आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "नोकरी गेली का गं?"